आपलं वर्णन कोणाच्या शब्दांत? : ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि इतर धर्म





परदेशात राहताना आपल्याला दोन प्रकारचे प्रश्न वारंवार ऐकावे लागतात. पहिला असा : "तुम्ही देव मानत नाही, येशूला मानत नाही, मग तुमचं तारण कसं होणार?" दुसरा जरा मवाळ असतो : "बुद्ध काय आणि येशू काय, शेवटी सगळे एकच सांगतात ना?" पहिल्या प्रश्नाने मन दुखावतं. दुसऱ्याने बरं वाटतं आणि आपण हसून मान डोलावतो.

या महिन्याच्या अभ्यासात मला एवढंच मांडायचं आहे की या दोन्ही वेळी आपण क्षणभर थांबलं पाहिजे. रागवायचं नाही आणि हुरळूनही जायचं नाही. आपल्याविषयी जे बोललं जात आहे ते कोणाच्या शब्दांत आणि कोणाच्या मोजपट्टीने, हे आधी पाहायचं.

हा विषय आपल्यासाठी केवळ पुस्तकी नाही. इंग्लंडमध्ये सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांत दररोज सामूहिक उपासना घेण्याची कायदेशीर तरतूद आहे. १९८८च्या शिक्षण कायद्याप्रमाणे ज्या शाळा कोणत्याही धर्मसंस्थेच्या नाहीत, त्यांच्यातही तिचं स्वरूप ढोबळमानाने ख्रिस्ती असावं लागतं. त्यातून आपल्या मुलांना बाहेर ठेवण्याचा हक्क पालकांना आहे. पण मूल बाहेर बसो वा आत, त्याला प्रश्न पडणारच. ते घरी येऊन विचारेल तेव्हा 'ते त्यांचं, आपलं आपलं' एवढं उत्तर पुरत नाही.

तीन भूमिका

ख्रिस्ती धर्मशास्त्र म्हणजे एकच एक मत नव्हे. इतर धर्मांकडे कसं पाहायचं यावर त्यांच्यात जवळजवळ दोन हजार वर्षं वाद चालू आहे. ॲलन रेस या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९८३च्या आपल्या पुस्तकात या मतांची तीन गटांत विभागणी केली. आज विद्यापीठांतून हा विषय बहुधा याच विभागणीने शिकवायला घेतात. इंग्रजीतली नावं मुलांच्या कानावर पडतील म्हणून सांगतो : एक्स्क्लुसिव्हिझम, इन्क्लुसिव्हिझम आणि प्लुरॅलिझम. मराठीत आपण त्यांना वगळणारी, सामावून घेणारी आणि अनेक मार्ग मानणारी भूमिका म्हणू.

पहिली भूमिका : दार एकच

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात येशू स्वतःलाच मार्ग म्हणवतो आणि आपल्यावाचून कोणी पित्याकडे जात नाही असं सांगतो. पहिली भूमिका या वचनाचा अर्थ सरळ घेते. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी चर्चच्या बाहेर तारण नाही, असं मांडलं. त्यांचा रोख मुख्यतः चर्च सोडून फुटून गेलेल्या ख्रिस्ती लोकांवर होता. पण पुढे हाच नियम सगळ्या जगाला लावला गेला. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने चर्चबाहेरच्या सर्वांना, म्हणजे मूर्तिपूजकांना, ज्यूंना आणि पाखंडी ठरवलेल्यांना, कायमच्या अग्नीत जाणारे म्हणून जाहीर केलं.

विसाव्या शतकात ही भूमिका अधिक विचारपूर्वक मांडणारे नाव म्हणजे स्विस प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट. त्यांचं म्हणणं असं की धर्म म्हणजे माणसाने स्वतःच्या बळावर देवापर्यंत पोचण्याची धडपड, आणि ही धडपडच मुळात अविश्वास आहे. ही टीका त्यांनी ख्रिस्ती धर्मालाही लावली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण याच विवेचनात त्यांनी जपानमधल्या अमिताभ बुद्धाच्या पंथाचा उल्लेख केला आहे. या पंथातही स्वतःच्या बळावर नव्हे, तर अमिताभाच्या कृपेवर भिस्त असते. शिकवण प्रोटेस्टंट शिकवणीच्या इतकी जवळ येते हे बार्ट मान्य करतात. मग फरक कुठे? तिथे येशू ख्रिस्त हे नाव नाही, इथे. सगळं जुळलं तरी नाव जुळत नाही, म्हणून दार बंद!

१९३८ साली तत्कालीन मद्रासजवळ तांबरम येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. तिच्यासाठी हेंड्रिक क्रेमर या डच विद्वानाने लिहिलेल्या ग्रंथाने बार्ट यांच्याशी मिळतीजुळती भूमिका आशियातल्या चर्चसमोर ठेवली. त्यावर तिथेच जोरदार वाद झाला आणि भारतातल्या काही ख्रिस्ती विचारवंतांनीही तिला विरोध केला. म्हणजे 'सगळे ख्रिस्ती असंच मानतात' हे तेव्हाही खरं नव्हतं.

दुसरी भूमिका : नकळत आमचेच

दुसऱ्या भूमिकेची मुळंही जुनी आहेत. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने म्हटलं की देवाच्या शब्दाचं बीज सगळ्या माणसांत पेरलेलं आहे, म्हणून विवेकाने जगलेला सॉक्रेटिसही ख्रिस्तीच होता. सॉक्रेटिस तर येशूच्या चारशे वर्षं आधी होऊन गेला!

या विचाराला मोठं बळ मिळालं ते १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. नाझी राजवटीत झालेल्या ज्यूंच्या संहारानंतर, ज्यूंबद्दलची आपली जुनी शिकवण तपासणं चर्चला भाग पडलं. त्यासाठी सुरू झालेल्या मसुद्यात पुढे इतर धर्मही आले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर झालेलं हे 'नोस्त्रा एताते' नावाचं निवेदन फार मोठं नाही, पण महत्त्वाचं आहे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं त्यात म्हटलं आहे. बौद्ध धम्माबद्दल त्यात एकच वाक्य आहे. हे बदलतं जग अपुरं असल्याची जाणीव बौद्ध धम्मात आहे आणि मुक्तीचा मार्ग तो शिकवतो, असा त्याचा आशय. फ्लॉरेन्सच्या आगीपासून हे अंतर किती लांबचं आहे, ते आपण मोकळ्या मनाने मान्य केलं पाहिजे.

याच काळात कार्ल राहनर या जर्मन जेझुइट धर्मशास्त्रज्ञांची एक कल्पना गाजली : 'अनामिक ख्रिस्ती'. जो माणूस ख्रिस्ताचं नाव न ऐकताही सद्सद्विवेकाने जगतो, त्याच्यापर्यंत ख्रिस्ताची कृपा पोचलेलीच असते. तो ख्रिस्तीच आहे, फक्त त्याला ते ठाऊक नाही. राहनर यांचा हेतू चांगला होता. कोट्यवधी माणसांना नरकात ढकलणारा देव त्यांना पटत नव्हता आणि हे त्यांनी आपल्याच लोकांना समजावण्यासाठी मांडलं होतं.

पण एकदा जपानचे बौद्ध तत्त्वज्ञ केइजी निशितानी यांनी राहनर यांना विचारलं : मी तुम्हाला 'अनामिक झेन बौद्ध' म्हटलं तर चालेल का? ही आठवण खुद्द राहनर यांनीच लिहून ठेवली आहे. त्यांचं उत्तर प्रांजळ होतं. तुमच्या दृष्टिकोनातून तुम्ही तसं म्हणू शकता, आणि मला तो मानच वाटेल, असं ते म्हणाले.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. मध्ययुगात युरोपभर बार्लाम आणि जोसाफट या दोन संतांची कथा फार लोकप्रिय होती. भारतातल्या एका राजाला मुलगा होतो. तो संन्यासाकडे वळेल असं भविष्य वर्तवलं जातं. राजा त्याला जगाचं दुःख दिसू नये म्हणून महालात ठेवतो. तरी राजपुत्राला रोगी, म्हातारा आणि मृत्यू यांचं ज्ञान होतं आणि तो राज्य सोडतो. ओळखीची वाटते ना? सिद्धार्थाची ही कथा अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन असा प्रवास करत ख्रिस्ती झाली. 'बोधिसत्त्व' शब्दाचं रूप बदलत बदलत 'जोसाफट' झालं. कॅथलिक चर्चच्या संतांच्या यादीत त्याला २७ नोव्हेंबर हा दिवसही मिळाला. म्हणजे पहिले 'अनामिक ख्रिस्ती' आपले तथागतच म्हणायचे! त्यांना संत म्हणून गौरवलं, पण त्यांचं नाव गेलं, त्यांचा धम्म गेला आणि संन्यासाचं कारणही बदललं.

आणि आता आपण स्वतःला विचारू : हा प्रकार आपल्याला नवा आहे का? बुद्धाला विष्णूचा नववा अवतार करून असंच सामावून घेतलं गेलं. वरवर तो मान होता. प्रत्यक्षात त्यातून बुद्धाचं वेगळेपण पुसलं गेलं आणि ज्या व्यवस्थेला त्यांनी प्रश्न विचारले, तिच्याच देव्हाऱ्यात त्यांना बसवलं गेलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा म्हणूनच आहे. बुद्धाला विष्णूचा अवतार मानायला ती स्वच्छ नकार देते. सामावून घेणं हा नेहमीच सन्मान नसतो, हे आपल्या समाजाला कोणत्याही धर्मशास्त्रज्ञाने शिकवण्याची गरज नाही. राहनर यांचा सद्भाव आणि अवतारवाद्यांचा डाव या सारख्या गोष्टी नाहीत, हे मी आवर्जून सांगतो. पण 'तू कोण आहेस ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं' हा सूर दोन्हीकडे आहे.

तिसरी भूमिका : सूर्य मध्यभागी

तिसऱ्या भूमिकेचे सर्वांत प्रसिद्ध नाव जॉन हिक. १९६७ साली ते बर्मिंगहॅम विद्यापीठात शिकवायला आले. त्या शहरात तेव्हा स्थलांतरित आशियाई कुटुंबांची वस्ती वाढत होती. हिक मशिदीत, गुरुद्वारात, मंदिरात, सिनेगॉगमध्ये जाऊ लागले आणि त्यांना जाणवलं की भाषा व विधी निराळे असले तरी माणसं सगळीकडे सारखीच मनं उघडून बसली आहेत. आपल्यासारख्या स्थलांतरितांच्या शेजाराने एका मोठ्या धर्मशास्त्रज्ञाचा विचार बदलला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९७३च्या पुस्तकात हिक यांनी म्हटलं की धर्मशास्त्राला कोपर्निकससारखी क्रांती हवी. ख्रिस्ती धर्म मध्यभागी आणि बाकीचे त्याच्याभोवती, हे चित्र सोडायचं. मध्यभागी देव, आणि सगळे धर्म त्याच्याभोवती फिरणारे ग्रह. पण एक अडचण आली. ती अडचण म्हणजे आपण! बौद्ध धम्मात निर्माता देवच नाही, मग मध्यभागी देव कसा ठेवणार? म्हणून पुढे त्यांनी 'देव' हा शब्द बदलून 'परमसत्य' या अर्थाचा शब्द घेतला. कोणी त्याला पिता म्हणतं, कोणी अल्लाह, कोणी ब्रह्म, आणि कोणी निर्वाण किंवा शून्यता, असं ते म्हणू लागले.

ऐकायला छान वाटतं. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सांगितलेलं निब्बाण आठवा. ते कोणत्या अदृश्य परमसत्याचं नाव नाही. विकारांवर ताबा मिळवून सन्मार्गाने चालता येणं, ही इथल्याच जीवनातली अवस्था आहे. आत्मा आणि ब्रह्म यांच्या कल्पनेला तथागतांनी नकार दिला. निब्बाण हे ब्रह्माचंच दुसरं नाव म्हटलं की तो नकारच नाहीसा होतो. म्हणजे हिक यांनी आपल्याला शेजारी बसवलं खरं, पण बसण्याआधी आपलं म्हणणं बदलून घेतलं.

प्रश्नच वेगळा असेल तर?

आम्ही सॉफ्टवेअरच्या कामात एक गोष्ट लवकर शिकतो. दोन प्रणालींची तुलना करण्याआधी त्या कोणती समस्या सोडवायला बांधल्या आहेत ते पाहायचं. समस्या वेगळी असेल तर 'कोणती चांगली' हा प्रश्न अर्धवट राहतो.

अमेरिकन बाप्टिस्ट धर्मशास्त्रज्ञ एस. मार्क हाइम यांनी १९९५च्या पुस्तकात असाच मुद्दा मांडला. त्याच्या शीर्षकातच 'तारण' हा शब्द अनेकवचनी आहे. सगळे धर्म एकाच शिखरावर जातात असं कशाला धरून चालायचं? त्यांची ध्येयं खरोखर वेगळी असू शकतात. ख्रिस्ती माणसाचा मूळ प्रश्न पाप आहे, म्हणून त्याला क्षमा हवी आणि क्षमा करणारा हवा. बौद्धाचा मूळ प्रश्न दुःख आहे, म्हणून त्याला कारण शोधायचं आहे आणि मार्ग हवा. बाबासाहेबांनी हा फरक दोन शब्दांत टिपला : तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. येशू आपल्याला देवाचा पुत्र म्हणवतो आणि त्यावर विश्वास ठेवणं आवश्यक मानतो. बुद्धाने स्वतःसाठी असं कोणतंही स्थान मागितलं नाही.

याच ठिकाणी बाबासाहेबांची ख्रिस्ती धर्मशास्त्रावरची खरी टीका येते. त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या इंग्रजी मालेतल्या ५व्या खंडात भारतातल्या ख्रिस्ती धर्मांतरितांविषयीचे लेख आहेत. त्यांत मिशनऱ्यांनी शिक्षण आणि आरोग्यात केलेल्या कामाची नोंद आहे. पण धर्मांतरानंतरही चर्चमध्ये जात टिकून राहिली, यावर ते बोट ठेवतात. शिवाय ते एक खोल मुद्दा मांडतात. माणसाच्या दुर्दशेचं मूळ त्याच्या पापात आहे असं शिकवलं, की दोष परिस्थितीचा न राहता त्या माणसाचा होतो. जो अन्यायाखाली दबला आहे त्याला पश्चात्ताप करायला सांगितलं जातं आणि अन्याय करणारी व्यवस्था मोकळी सुटते.

या टीकेचं उत्तर पुढे ख्रिस्ती समाजाच्या आतूनच आलं. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी दिलेल्या व्याख्यानापासून दलित धर्मशास्त्राचा प्रवाह सुरू झाला असं मानतात. आपलं ख्रिस्ती धर्मशास्त्र उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या अनुभवावर उभं राहिलं आणि चर्चमधला बहुसंख्य दलित त्यात कुठेच नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या धर्माविषयी बोलण्याआधी आपल्या घरात कोणाचा आवाज दबला आहे ते पाहा, असा हा धडा आहे. तो आपल्यालाही लागू आहे.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४च्या पुस्तकात बौद्ध शिकवणीचं वर्णन जवळपास पूर्णतः नकारात्मक, जगाविषयी उदासीन करणारी असं केलं. जानेवारी १९९५मध्ये ते श्रीलंकेला गेले तेव्हा तिथल्या प्रमुख भिक्खूंनी त्यांच्याबरोबरच्या सर्वधर्मीय भेटीवर बहिष्कार घातला. आपल्यासाठी उत्तर सोपं आहे. जगाची पुनर्रचना हा धम्माचा हेतू आहे असं बाबासाहेब सांगतात. चवदार तळ्यापासून दीक्षाभूमीपर्यंतचा इतिहास ज्याने वाचला आहे, तो आपल्याला जगाविषयी उदासीन म्हणू शकणार नाही.

तथागतांची रीत

मग आपण स्वतः इतर धर्मांशी कसं वागायचं? दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्ताची, ब्रह्मजाल सुत्ताची, सुरुवात पाहा. सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघाची निंदा करत चालला आहे आणि त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त स्तुती करत आहे. भिक्खू अस्वस्थ होतात. तथागत सांगतात की निंदा ऐकून रागावू नका, कारण रागात खरं-खोटं कळत नाही. जे चूक आहे ते चूक म्हणून समजावून सांगा. स्तुती ऐकून फुगूही नका. जे खरं आहे तेवढं खरं म्हणा. आरंभीच्या दोन प्रश्नांचं उत्तर इथेच आहे.

मज्झिमनिकायात उपालि गृहपतीची कथा आहे. निगंठांचा हा प्रतिष्ठित उपासक बुद्धाशी वाद घालायला येतो आणि त्यांचाच अनुयायी व्हायला तयार होतो. तथागत त्याला आधी नीट विचार करायला सांगतात. इतकंच नाही, तर तुझ्या घरातून निगंठांना मिळणारं दान बंद करू नकोस, असंही सांगतात. धर्म बदलला म्हणून शेजार तोडायचा नाही.

आणि महापरिनिब्बाण सुत्तात शेवटच्या रात्री सुभद्द विचारतो, इतर गुरूंनाही सत्य कळलं आहे का? तथागत कोणा गुरूच्या नावावर निकाल देत नाहीत. जिथे अष्टांगिक मार्ग आहे तिथे खरे श्रमण असतात, असं ते म्हणतात. हे 'सगळे धर्म सारखे' असं म्हणणं नव्हे, ही कसोटी स्पष्ट आहे. पण ती नावाची नाही, आचरणाची आहे.

आपणही एक पथ्य पाळायला हवं. 'येशू म्हणजे बोधिसत्त्वच' असं आपल्यातले काही जण प्रेमाने म्हणतात. ख्रिस्ती शेजाऱ्याला ते तसंच वाटेल, जसा आपल्याला अवतारवाद वाटतो. निशितानींचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. महात्मा फुले यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एका घराचं चित्र रेखाटलं आहे. तिथे बाई बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होतो, आणि सगळे एकमेकांचा द्वेष न करता गोडीगुलाबीने राहतात. त्या घरात कोणी कोणाला नकळत आपलं करून टाकत नाही. प्रत्येकाचं नाव त्याचं त्याच्याजवळ राहतं.

मुलांना काय सांगायचं

• 'तू नरकात जाशील' असं कोणी म्हटलं तर : "तू मनापासून तसं मानतोस हे मला कळलं. मी मात्र माणसाला त्याच्या वागण्यावरून ओळखायला शिकलो आहे."

• 'तू आतून ख्रिस्तीच आहेस' असं म्हटलं तर : "तुझा भाव चांगला आहे, त्याबद्दल आभार. पण मी बौद्ध आहे. तसं का, हे ऐकायला आवडेल का?"

• 'सगळे धर्म एकच' असं म्हटलं तर : "शील आणि करुणेत आपलं पुष्कळ जुळतं. देव आणि आत्मा याबाबत जुळत नाही. तरी आपण मित्र आहोत."

गटचर्चेसाठी प्रश्न

१. बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा आणि 'अनामिक ख्रिस्ती' ही कल्पना यांत साम्य काय, फरक काय?

२. पाप आणि दुःख या दोन मूळ प्रश्नांमुळे जातीच्या अन्यायाकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलते?

३. सुभद्दाला दिलेली कसोटी आपण आपल्या विहाराला आणि आपल्या संघटनेला लावली, तर काय आढळेल?

पुढच्या सभेला येताना ब्रह्मजाल सुत्ताचा सुरुवातीचा भाग वाचून या. जमल्यास एखाद्या ख्रिस्ती मित्राला सोबत घेऊन या. त्यांच्या धर्माविषयी ते स्वतः काय सांगतात ते आपण आधी ऐकू, मग आपलं सांगू.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!